नमुन्यातली मावशी

कॉलेजच्या जिन्याखाली, झेरॉक्सच्या मशीनला खेटून जी खोली आहे, तिच्या दारावर 'प्लेसमेंट सेल' अशी पाटी आहे. पाटीतलं पहिलं अक्षर कधीचंच उडालं, त्यामुळे पहिल्या वर्षाची मुलं तिला सिमेंट सेल म्हणतात, आणि खोली पाहिली तर नाव शोभतंही. खिडकी नाही. एक टेबल, तीन खुर्च्या, एक कपाट, एक काळा फोन, आणि टेबलामागे एकोणीस वर्षं बसलेल्या मॅडम.

मॅडमना मुलं पाठीमागे 'लागली मॅडम' म्हणत. जिन्यावर, गेटपाशी, कॅन्टीनच्या रांगेत, शेवटच्या वर्षाचं पोर दिसलं रे दिसलं की मॅडमचा एकच प्रश्न: "लागली का?" काय लागली, हे विचारायची कुणाला गरज पडत नसे. एकदा एक जण लंगडत चालला होता. तो म्हणाला, "लागली मॅडम. चांगलीच लागली, अंगठ्याला." हे मॅडमना इतकं आवडलं की घरी गेल्यावर सांगायचं, असं त्यांनी वाटेत मनाशी घोळवलं. कुलूप उघडल्यावर लक्षात आलं, की सांगायचं कुणाला.

त्यांच्याकडे एक मोठी वही होती. डावीकडे मुलांची नावं, उजवीकडे एकच रकाना: 'लागली'. रोज सकाळी खोलीचं दार उघडण्याआधी, किल्ली हातात धरून, रकाना कोरा असलेल्यांपैकी एक नाव त्या ओठांतल्या ओठांत घ्यायच्या आणि अर्धा मिनिट हात जोडायच्या. हा त्यांचा नेम होता. आई गेली त्या दिवशीसुद्धा तो मोडला नव्हता. रकान्यात तारीख पडली की ते नाव नेमातून सुटायचं. लागलेल्यांसाठी देवाला पुन्हा का त्रास द्यायचा, असं त्यांना वाटे.

दुसरा नियम होता तो मुलांसाठी. अर्जात खोटं एक अक्षरही नको. छंद म्हणून 'वाचन' लिहिणाऱ्याला त्या शांतपणे विचारत, "शेवटचं काय वाचलंस?" एकानं प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "तुमची नोटीस, मॅडम." त्याचा छंद खोडला गेला, पण मुलाखतीत हाच किस्सा सांगून तो लागला.

मुलांना अर्ज भरता येत नसत, म्हणून भिंतीवर मॅडमनी एक नमुना लावला होता. स्वतःच्या वळणदार अक्षरात भरलेला, वर प्लास्टिक चढवलेला. उमेदवाराचं नाव, शिक्षण, सगळं कल्पनेतलं. फक्त शेवटचा रकाना, 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे', तिथे त्यांनी स्वतःचं नाव आणि स्वतःचा मोबाइल नंबर घातला होता. खोटा नंबर लिहावा तर तो कुणा परक्याचा खरा निघायचा, आणि बिचाऱ्याला विनाकारण फोन जायचे. 'नातं' या शब्दापुढे मात्र त्या बराच वेळ थांबल्या होत्या. 'आई' लिहावं तर समोर उभ्या पोरांत कुणाला आई नसते. 'वडील' लिहावं तर कुणाचे असून नसल्यासारखे. शेवटी त्यांनी लिहिलं, 'मावशी'. मावशीनं कुणाचं मन दुखत नाही. खरं तर मावशी व्हायला आधी बहीण लागते, आणि मॅडमना होता एकच भाऊ, तोही समुद्रापलीकडे. पण नमुन्यात एवढं चालायचं.

त्या वर्षी त्यांचा स्वतःचाच एक रकाना अडला होता. कॉलेजनं सगळ्या कर्मचाऱ्यांची माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरायला घेतली होती आणि ऑफिसातला कारकून तीन आठवडे त्यांच्या मागे होता.

"मॅडम, तुमचा एकच चौकोन लाल दिसतोय."

"कुठला?"

"तातडीच्या वेळी कोणाला कळवावे. आधीच्या फॉर्मवर आईंचं नाव होतं. आता..." कारकून जीभ चावून थांबला.

"बघते," मॅडम म्हणाल्या.

भावाचं नाव घालता आलं असतं. पण इथं दुपार असते तेव्हा तिकडे मध्यरात्र. कुणी कळवलंच, तर तो बिचारा अंथरुणात उठून बसणार आणि विचारणार, आत्ता मी इथून काय करू? बाहेर स्टुलावर बसलेले शिपाईकाका हे सगळं ऐकत होते. दार किलकिलं करून ते म्हणाले, "माझा नंबर घाला की."

"आणि नातं काय लिहू, काका?"

"दाराबाहेरचं स्टूल."

मॅडम हसल्या. रकाना कोराच राहिला.

मंगळवारी अकराच्या सुमारास त्यांचा मोबाइल वाजला. एका कंपनीच्या एचआरमधली मुलगी होती. तिनं एका विद्यार्थिनीचं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, "तुम्ही तिच्या मावशी ना?"

नाव ओळखीचं होतं. रसायनशास्त्राची पदविका घेतलेली, वर्गात 'कुजबुज' म्हणून प्रसिद्ध असलेली मुलगी. आवाज इतका हळू की सराव-मुलाखतीत समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे, आणि तिच्यासमोर बसलेला प्रत्येक साहेब नम्र दिसे. दीड महिन्यापूर्वी ती औषधांच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली होती. वहीत तारीख पडली होती.

"मी तिची..." मॅडमनी सुरुवात केली.

"मावशी, ती शुक्रवारपासून कामावर आलेली नाही. रविवारची सुट्टी सोडून आज चौथा दिवस. फोन बंद आहे. ती अजून प्रोबेशनवर आहे. चार दिवस न सांगता गैरहजर राहिलं तर आम्ही नाव कमी करतो. उद्या अकराच्या आत तिला घेऊन घरचं कुणी आलं तर साहेब ऐकून घेतील. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

"अहो, पण मी तिची मावशी नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "फॉर्मवर तुम्हीच आहात. दुसरं कुणाचंच नाव नाही. आणि एक सांगू का? तुमच्या गावाकडची अजून चार मुलं आहेत आमच्याकडे. त्या सगळ्यांच्याही मावशी तुम्हीच. मला वाटलं, मोठं घर असेल."

मॅडमची नजर आपोआप भिंतीकडे गेली. प्लास्टिकखाली त्यांचंच वळणदार अक्षर होतं. नऊ वर्षं मुलं तिथं उभी राहून, मान वर करून, नमुना उतरवून घेत होती. वरचं नाव, शिक्षण, पत्ता आपापला लिहीत होती. आणि शेवटच्या रकान्यात, हेच लिहायचं असतं असं समजून, जसंच्या तसं. मॅडम अर्ज तपासत त्या छंदापर्यंतच; शेवटच्या रकान्यात कुणी काय खोटं लिहिणार, म्हणून त्यांची नजर तिथवर कधी गेलीच नव्हती. नऊ वर्षांत किती कंपन्यांच्या कपाटांत त्या मावशी होऊन बसल्या असतील, देव जाणे. आजवर कुणाला काही झालं नाही, म्हणून कुणी फोन केला नाही, एवढंच.

"मावशी? ऐकताय ना?"

"ऐकतेय," मॅडम म्हणाल्या. "तिचा खोलीचा पत्ता सांगा."

शिपाईकाकांनी विचारलं, "कुठे निघालात?"

"भाचीकडे."

काकांचा हात खोलीला कुलूप लावता लावता थांबला. एकोणीस वर्षांत त्यांनी या बाईंच्या तोंडून कुठलंच नातं ऐकलं नव्हतं.

बसनं पाच तास लागले. कारखान्याच्या मागच्या रस्त्याला एकसारख्या तीनमजली इमारती होत्या, प्रत्येक मजल्यावर लांबलचक व्हरांडा आणि खोल्यांची रांग, प्रत्येक दारापुढे चपलांचा एकेक जोड. घरमालकीण खाली पाण्याची टाकी धुवत होती. मॅडमनी मुलीचं नाव सांगितलं. तिला ते नाव कळलं नाही, मग खोलीचा नंबर सांगितला.

"हां, ती. आहे की वरती. आवाज नाही त्या पोरीचा. आहे का नाही तेच कळत नाही. तुम्ही कोण?"

खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगण्यात वेळ जाणार होता. "तिला भेटायला आलेय," मॅडम म्हणाल्या.

दार उघडायला बराच वेळ लागला. कुजबुज उभी होती. केस विस्कटलेले, अंगात कारखान्याचा पांढरा कोट. तिनं मॅडमकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे पाहिलं, आणखी कुणी आहे का म्हणून.

"मॅडम, तुम्ही?"

"मला फोन आला. आत येऊ का?"

खोलीत एक पलंग, एक बादली आणि खिळ्याला टांगलेला आरसा होता. टेबल नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर पावाचा अर्धा पुडा उघडा पडला होता. मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या. हातावर हात ठेवून काही न विचारता बसायची त्यांना सवय होती. मुलाखत बिघडून आलेली मुलं त्यांच्यासमोर अशीच आधी गप्प बसत.

"ताप होता," कुजबुज म्हणाली.

"अजून आहे?"

"नाही. शुक्रवारीच उतरला."

"मग?"

ती बोलली, तेव्हा मॅडमनाही पुढे वाकावं लागलं. "आम्ही तोंडाला मास्क लावून काम करतो. दिवसभर बोलायचं नसतं. जेवायच्या सुट्टीत सगळ्याजणी आपापल्या ओळखीच्यांकडे बसतात. दीड महिना झाला, मॅडम, माझं नाव कुणी घेतलं नाही. बाटल्यांवर नंबर असतो, माझ्याही कोटावर नंबर आहे. शुक्रवारी ताप आला, म्हणून नाही गेले. शनिवारी बरी होते. म्हटलं, बघू या. आपण आलो नाही, हे कुणाच्या लक्षात येतंय का."

"मग फोन का बंद ठेवलास?"

"चालू होता. दोन दिवस चालू होता. एकदाही वाजला नाही. म्हणून बंद केला." तिनं कोटाची बाही खाली ओढली. "वाजत नाही म्हणून बंद केला, की बंद आहे म्हणून वाजत नाही असं म्हणता येतं."

मॅडमनी मान डोलावली. घरी त्याही संध्याकाळी हेच करत. फोन पर्समधून काढतच नसत.

"वडिलांना सांगितलंस?"

"बाबा ट्रकवर असतात. त्यांना वाटतं मी मजेत आहे. लागली म्हटल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं." मग तिनं विचारलं, "तुम्हाला कुणी फोन केला?"

मॅडमनी भिंतीवरच्या नमुन्याची गोष्ट सांगितली. एका फॉर्मवर एक, आणि कंपनीत एकूण पाच, आणि एचआरच्या मुलीला वाटलेलं मोठं घर. कुजबुज आधी ऐकत राहिली. मग तिनं तोंडावर हात घेतला आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसतेय की रडतेय ते मॅडमना एकदम कळेना. दोन्ही होतं.

"आम्हाला वाटलं, ते कॉलेजचं असतं. शिक्क्यासारखं. सगळ्यांनी तेच लिहायचं असतं."

"मला वाटलं, तुम्हाला कळेल."

त्या दोघींनी उरलेला पाव खालून आणलेल्या चहात बुडवून खाल्ला. रात्री मॅडम खाली अंथरूण घालून निजल्या. डोळा लागला नाही. पलंगावरून श्वासाचा आवाज येत होता, आणि दुसऱ्या माणसाच्या श्वासाच्या आवाजात झोपायची त्यांची सवय मोडली होती.

सकाळी नेमाची वेळ झाली. वही नव्हती, किल्लीही हातात नव्हती. कोऱ्या रकान्यांची नावं पाठ होती, त्यांतलं एखादं घेता आलं असतं. मॅडमनी हात जोडले, आणि ओठांवर भलतंच नाव आलं. सुटलेलं. दीड महिन्यापूर्वी तारीख टाकून ज्याला त्यांनी वाऱ्यावर सोडलं होतं, ते.

"मला हाक मारलीत?" पलंगावरून कुजबुजनं विचारलं.

"नाही. पण नाव तुझंच घेतलं. ऊठ, अकराच्या आत जायचंय."

कंपनीचे साहेब तरुण होते. टेबलावर फॉर्म काढून ठेवलेला होता. त्यांनी दोघींना बसवलं आणि एक कागद पुढे सरकवला. "मावशी, इथं सही करा. गैरहजेरीचं कारण आजारपण, इथून पुढे न कळवता राहणार नाही, वगैरे. खाली नातं लिहा. झालं काम."

मॅडमनी पेन घेतलं. सही केली. 'नातं' या शब्दापुढे पेन थांबलं. एक शब्द लिहायचा होता, तोही आधीच फॉर्मवर असलेला. साहेब घड्याळ बघत होते. कुजबुज स्वतःच्या चपलांकडे बघत होती. तिची नोकरी त्या दोन इंच कोऱ्या जागेत अडकली होती, हे मॅडमना कळत होतं. आणि ज्या पोरांना एकोणीस वर्षं सांगितलं, अर्जात खोटं एक अक्षर नको, त्यांतलीच एक शेजारी बसली होती.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, मी तिची मावशी नाही. मी तिच्या कॉलेजात आहे. भिंतीवरचा नमुना मी भरला होता, मुलांनी तो उतरवला. चूक माझी आहे, तिची नाही. आणि आजारपण फक्त पहिला दिवस होतं. उरलेले दिवस तिला इथं करमेनासं झालं होतं."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "मग तुम्ही आलात कशाला? नंबर चुकलाय म्हणायचं, फोन ठेवायचा."

"फोन मला आला होता," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग नियमांची फाइल ओढली, बोट फिरवत एका ओळीपाशी थांबले. "इथं 'नातेवाईक' असं नाहीये म्हणा. 'फॉर्ममध्ये नमूद व्यक्ती हजर झाल्यास' असं आहे. नमूद तर तुम्ही आहात. हजरही झालात." त्यांनी 'नातं' या शब्दावर स्वतःच एक आडवी रेघ मारली. "पण मुली, पुढच्या वेळी करमत नसेल तर इथं येऊन सांग. इथून हाकलून देणार नाही कुणी. आणि हा नवा फॉर्म. आता तरी खरं लिही."

कुजबुजनं फॉर्म भरला. शेवटच्या रकान्यापाशी तिनं एकदा मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली, सराव-मुलाखतीत हलवायच्या तशी. तिनं वडिलांचं नाव लिहिलं. नातं: वडील. मॅडमना अक्षर उलटं दिसत होतं, तरी त्यांनी शुद्धलेखन तपासलं. सगळं बरोबर होतं. साहेबांनी जुना फॉर्म काढून फाडला. "बाकीच्या चौघांचेही आजच बदलून घेतो. तुमची सुटका," ते हसून म्हणाले.

पाळी सुरू व्हायचा भोंगा झाला. कुजबुजनं मास्क लावला. मास्कमागून ती काहीतरी म्हणाली, पण मॅडम पुढे वाकेपर्यंत ती वळली होती. पांढऱ्या कोटांच्या रांगेत ती दाराआड गेली, आणि कोणता कोट तिचा ते लगेच कळेनासं झालं.

परतीच्या बसमध्ये शेजारची जागा पाचही तास रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी भिंतीवरचा नमुना उतरवला आणि नवा भरला. या वेळी शेवटचा रकाना त्यांनी कोरा ठेवला, म्हणजे कुणी उतरवून घ्यायचा प्रश्नच नको. आठवड्याभरात अठ्ठावीस अर्ज आले. अठ्ठाविसांतही शेवटचा रकाना कोरा. "नमुन्यात कोराच आहे, मॅडम," पोरं म्हणाली.

मग त्यांना एकेकाला आत बोलवावं लागलं. खुर्चीत बसवून विचारावं लागलं, तुला काही झालं तर कुणाला सांगू? आई, वडील, मोठी बहीण, असं पटापट आलं. एकानं शेजाऱ्यांचं नाव सांगितलं. एक जण खूप वेळ विचार करत राहिला, आणि मॅडमनी त्याला घाई केली नाही. चुलतभाऊ, तो अखेरीस म्हणाला, पण आवाजात खात्री नव्हती.

कारकून पुन्हा आला. "मॅडम, चौकोन अजून लालच आहे."

मॅडमनी त्याच्या हातातला कागद घेतला आणि लिहिलं. कारकुनानं वाचलं. नंबर त्याच खोलीतल्या काळ्या फोनचा होता.

"मॅडम, हा तर तुम्हीच उचलता."

"तेव्हा मी नसेन ना," मॅडम म्हणाल्या. "काका उचलतील."

बाहेर स्टूल करकरलं.

नेमात आता एक बदल झाला होता. सकाळी कोऱ्या रकान्यातलं एक नाव, आणि दुपारी भरलेल्यातलं एक. दुपारचं नाव नुसतं घ्यायचं नाही, फोन करायचा. पहिल्या दिवशी कुजबुजला लावला. ती प्रयोगशाळेत असणार, फोन वाजून थांबला. मॅडमनी तो वाजू दिला, पूर्ण. सुट्टी झाल्यावर तिला दिसेल की वाजला होता.

दुसऱ्या दिवशी वहीचं पान सात वर्षं मागे उलटलं. एका मुलाचं नाव होतं, दूरच्या बंदरावर लागलेला. पलीकडे गोंगाट होता, यंत्रांचा असावा.

"कोण?"

"मी कॉलेजातून बोलतेय. लागली मॅडम."

"अहो मॅडम!" तो हसला. "लागली हो, केव्हाच लागली. विसरलात का? तुम्हीच लावलीत."

"ते आहे वहीत," मॅडम म्हणाल्या. "म्हटलं विचारावं. मन लागलं का?"

हसणं थांबलं. यंत्रांचा आवाज तसाच चालू राहिला. त्यानं फोन ठेवला नाही. मॅडमनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, आणि पुढे वाकून बसल्या.